जेवणाआधी मतदान

*छापील इतिवृत्त, पान १. सांतान फ्रूट प्रॉडक्ट्स लिमिटेड, पापडी, यांची अडतिसावी वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. २८ सप्टेंबर रोजी सकाळी साडेअकरा वाजता कंपनीच्या शेडमध्ये खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.*

पार पडायला अजून पाऊण तास होता.

व्हेरोनिका पहिल्या रांगेत लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि सभेचं इतिवृत्त तिच्या पर्समध्ये होतं. चार घड्या घातलेलं, चष्म्याच्या डबीखाली. कोण सूचक, कोण अनुमोदक, कोणी काय विचारलं नाही, आभार किती वाजता. आभार एक वाजता होते.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीचा शिपाई काळूराम नेहमीसारखा फाइल घेऊन घरी आला होता. गेली बावीस वर्षं तो असाच यायचा. फाइल, केळीच्या वाळक्या पानात बांधलेलं सुकेळीचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं पुडकं, आणि त्याचं बोट. बोट जिथे टेकेल तिथे व्हेरोनिका सही करायची. ती कंपनीची संचालक होती. संचालक मंडळाच्या सभा तिच्या जेवणाच्या टेबलावर व्हायच्या. म्हणजे काळूराम उभा, ती बसलेली, गॅसवर कालवण. बावाने, तिच्या वडिलांनी, जाताना सांगितलं होतं की मंडळावर मुलीचंही नाव घ्या. कंपनीचा अध्यक्ष झालेल्या मार्सेलदादाने शब्द पाळला होता. नाव घेतलं होतं.

या शुक्रवारी वेगळं झालं ते एवढंच की ऑगस्टमध्ये तिच्या दुसऱ्या डोळ्यातलाही मोतीबिंदू निघाला होता, आणि काळूरामच्या बोटाच्या आजूबाजूचं तिला दिसायला लागलं होतं.

तिने वाचलं: नऊ ऑगस्टला संचालक मंडळाची सभा झाली. उपस्थितांत सौ. व्हेरोनिका लोपीस. कंपनीचं तीन एकरांचं खळं श्री. मर्विन मार्सेल तुस्कानो यांच्या बांधकाम कंपनीला विकायचं, असं सर्वांनी एकमताने ठरवलं.

नऊ ऑगस्टला ती डोळ्यांच्या दवाखान्यात हिरवी पट्टी लावून आडवी होती.

त्याच्या खाली आणखी तीन पानं लागली होती. ती फाइलमध्ये चुकून आली होती.

"काळूराम, ही रविवारची सभा ना?"

"हा टीचर."

"मग ती झाली कधी?"

काळूरामने पानांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ते दरवर्षी आधीच टाइप करून ठेवतात. मागनं घाई नको म्हनून."

तिने त्याला पाणी दिलं, सुकेळीचं पुडकं ठेवून घेतलं आणि फाइल सही न करता परत केली. पानं मात्र ठेवून घेतली. काळूराम दारात बराच वेळ चप्पल शोधत होता. ती त्याच्या पायातच होती.

*

शेडच्या पलीकडे खळं होतं. उन्हाची तीन एकर सपाट जमीन. राजेळी केळी सोलून इथेच वाळत घालायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. अडतीस वर्षांपूर्वी बावाने, सांतान तुस्कानोने, कंपनी काढली तेव्हा त्याच्याकडे केळी होती, अक्कल होती आणि जमीन नव्हती. जमीन गावाच्या पैशातून आली. कोणी दहा शेअर घेतले, कोणी वीस. ज्यांच्याकडे रोख नव्हतं त्यांनी केळीचे लोंगर दिले. सोलायला येणाऱ्या बायकांना अर्धी मजुरी शेअरमध्ये मिळाली. मार्सेलच्या घरात आज चाळीस टक्के होते, व्हेरोनिकाकडे दहा, आणि उरलेले पन्नास टक्के चारशे बारा घरांत पसरलेले, लाकडी कपाटांत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या आणि रेशनकार्डांच्या मध्ये.

कंपनीकडे विकण्यासारखं खळं सोडून काही नव्हतं. ते गेलं की त्या चारशे बारा कागदांचा उपयोग कपाटात खाली अंथरायला. आणि भाव तरी काय, शेजारच्या वाडीला मागच्या वर्षी मिळाला त्याच्या एक तृतीयांश.

"मम्मी, पाणी पी," नताशा म्हणाली. व्हेरोनिकाची ही मुलगी अंधेरीत कंपनी सेक्रेटरी होती, म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्या कायद्याने चालतात की नाही हे बघायचं तिचं काम. आपल्या आजोबांच्या कंपनीचे कागद तिने शुक्रवारी रात्री पहिल्यांदा वाचले होते आणि शनिवारभर ती कोणाशी धड बोलली नव्हती. "परत सांगते. हा व्यवहार मर्विनशी आहे, म्हणून मर्विन आणि मामा, त्यांच्या घरचं कोणीच या ठरावावर मत देऊ शकत नाही. तू देऊ शकतेस. कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आत्या येत नाही."

"बरं झालं."

"आपण चिठ्ठ्यांनी मतदान मागायचं. तुझ्याकडे दहा टक्के आहेत, त्यांना नाही म्हणता येणार नाही. असा ठराव तीन चतुर्थांश मतांशिवाय मंजूर होत नाही, म्हणून पाडायला तुझे दहा आणि गावातली किमान पन्नास माणसं लागतील. पण मामाकडे लोकांच्या सह्या आहेत."

सह्यांची गोष्ट अशी होती. सभेच्या दहा दिवस आधी काळूराम घरोघर जेवणाची कुपनं वाटायचा. कुपन हवं तर एका फॉर्मवर सही. लोक समजायचे, ताटं किती लागतील त्याचा हिशेब असेल. फॉर्मवर लिहिलेलं असायचं: मला मत द्यायला जमणार नाही, माझ्या वतीने अमुक मत देतील. अमुकची जागा कोरी असायची. अडतीस वर्षं गावाने कोंबडीच्या रश्श्यासाठी आपलं मत लिहून दिलं होतं आणि रस्सा दरवर्षी चांगला झाला होता.

"पण माणसाने स्वतः उभं राहून मत टाकलं, की त्याची आधीची सही रद्द," नताशा म्हणाली.

"हे त्यांना माहीत आहे?"

"कोण सांगणार?"

मर्विन खुर्च्यांमधून वाट काढत आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, खळ्यात न शोभणारे. तो व्हेरोनिकाच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला, लहानपणी खाऊ मागायला बसायचा तसा.

"आत्या, काळूराम म्हणतो तू फाइल परत केलीस."

"केली."

"काही हरकत नाही. पण एक लक्षात ठेव. आज तू उठून काही बोललीस, तर पहिला प्रश्न तुलाच विचारणार. मागच्या सगळ्या सभांवर सह्या कोणाच्या आहेत? तू संचालक आहेस. चौकशी झाली तर पप्पा अडकतील, मी अडकेन आणि आमच्या आधी तू. पेन्शनर बाई, कशाला ओढवून घेतेस?"

"तू जेवणार आहेस ना इथेच?"

"हो."

"मग पोटभर जेव," व्हेरोनिका म्हणाली.

*

*छापील इतिवृत्त, पान १. विषय क्र. १: वार्षिक ताळेबंद. सभासदांकडून कोणताही प्रश्न उपस्थित झाला नाही.*

"मला प्रश्न आहे," जयवंत कुलथे उभे राहिले.

शेडमध्ये हसू फुटलं. कुलथे तुळिंजला फ्लॅटमध्ये राहायचे, मूळचे नगरकडचे. सासऱ्यांकडून वीस शेअर वारशात आले तेव्हापासून दहा वर्षं ते दर सभेला तुळिंजहून दोन रिक्षा बदलून येत आणि प्रश्न विचारत. दहा वर्षं त्यांना एकच उत्तर मिळत होतं.

"कुलथेसाहेब, आधी जेवा, मग विचारा," मार्सेल माइकवरून म्हणाला. तो चौऱ्याहत्तरचा होता, आवाज अजून देवळातल्या, चर्चमधल्या, गायनाचा. लोक आणखी हसले. ताळेबंद मंजूर झाला.

जयवंत बसले नाहीत. ते तसेच उभे राहिले, हातातला अहवाल उघडा धरून.

*छापील इतिवृत्त, पान २. विषय क्र. २: खळ्याची जमीन विकणे. संचालक मंडळाच्या एकमुखी शिफारशीनुसार ठराव सर्वानुमते मंजूर.*

मार्सेलने विषय वाचला. तो वाईट वाचला नाही. केळीला भाव राहिला नाही, मुलं शेतीत येत नाहीत, जमीन आपल्याच घरात राहतेय, परक्याला जात नाही. मागच्या बाजूने रश्श्याचा वास आला. घंटा वाजायची वेळ झाली होती. दरवर्षी असंच व्हायचं: मोठा विषय निघाला की स्वयंपाकघरातून घंटा वाजायची, लोक उठायचे, आणि जे बसून राहिले त्यांचे हात मोजून ठराव मंजूर.

"शिफारस सगळ्या संचालकांची आहे," मार्सेल म्हणाला. "माझी आहे, आपल्या व्हेरोनिका टीचरची आहे. टीचरने सही केली म्हणजे बघायला नको."

खरंच होतं ते. पापडीतल्या निम्म्या माणसांना तिने गणित शिकवलं होतं. टीचरची सही आहे म्हटल्यावर कोणी दुसऱ्यांदा बघत नसे.

ती उठली. माइक कोणी दिला नाही. तिला लागतही नव्हता. छत्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवलेली बाई ती.

"या शिफारशीवर मी सही केलेली नाही. नऊ ऑगस्टला मी सभेला नव्हते. दवाखान्यात होते."

"व्हेरो," मार्सेल म्हणाला. माइक चालू होता, म्हणून घरातलं नाव सगळ्या शेडभर झालं. "घरी बोलू आपण."

"घरीच बोलत आलो ना दादा. टेबलावर. म्हणून तर हे झालं." ती लोकांकडे वळली. "आणि नऊ ऑगस्टचंच नाही. बावीस वर्षांत मी एकाही सभेला गेले नाही. सभा होतात का हेही मी कधी विचारलं नाही. काळूराम बोट ठेवायचा आणि मी सही करायची. त्या जुन्या सह्या माझ्याच आहेत. त्या बघून तुम्ही निर्धास्त राहिलात. मी तुम्हाला फसवलं, वाचायचा कंटाळा म्हणून."

मर्विनने डोळे मिटून घेतले.

मागच्या दारातून एक आवाज आला. "टीचर."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुझान उभी होती, सभेच्या जेवणाची मुख्य. पन्नाशीची, हातात झारा, मनगटापर्यंत तांदळाचं पीठ.

"सातवीत मी प्रगतिपुस्तकावर पप्पाची सही केली होती," सुझान म्हणाली.

"आठवतंय."

"तुम्ही मला आठ दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"हो."

"मग तुमचं काय करायचं?"

"तिसरा विषय माझ्या फेरनेमणुकीचा आहे," व्हेरोनिका म्हणाली. "तेव्हा ठरवा. मला काढायचं तर काढा. पण आधी दुसरा नीट होऊ दे." तिने पर्समधून घडी काढली, उलगडली आणि वर धरली. "हे आजच्या सभेचं इतिवृत्त. शुक्रवारी छापलेलं. यात तुम्ही सगळ्यांनी खळं विकायला हात वर केलेत, मला एकमताने निवडून दिलंत, आणि कुलथ्यांनी काही विचारलेलं नाही."

"दाखवा," जयवंत म्हणाले आणि चष्मा पुसत पुढे आले.

नताशाने मतदानाच्या मागणीचं पत्र मार्सेलपुढे ठेवलं. मार्सेलने ते दोनदा वाचलं. मर्विन त्याच्या कानाशी लागला.

"मतदान होईल," मार्सेलने जाहीर केलं. "चिठ्ठ्यांवर. दुपारी दोन वाजता. तोपर्यंत सगळ्यांनी जेवून घ्या."

आणि घंटा वाजली.

खुर्च्या सरकल्या. नताशा मट्कन बसली. "झालं. मागच्या वर्षी जेवणानंतर नऊ माणसं उरली होती. कोण थांबणार दोनपर्यंत, एवढं जेवून?"

"हे त्याला करता येतं?"

"मतदानाची वेळ अध्यक्ष ठरवतो, मम्मी. कायदाच आहे."

"आणि जेवणाची?"

नताशाने वर बघितलं. "ती कायद्यात नाहीये."

व्हेरोनिकाने पर्स खुर्चीवर ठेवली आणि लोकांच्या आधी मागच्या दाराकडे निघाली. तिच्या गुडघ्यांना असं चालायची सवय राहिली नव्हती.

*

छापील इतिवृत्तात स्वयंपाकघर नाही.

तीन मोठी पातेली, एक वालाचं, एक कोंबडीचं, एक भाताचं. भाकऱ्यांच्या टोपल्या. चौदा बायका. त्यातली प्रत्येक शेअरहोल्डर होती, आईच्या नाहीतर सासूच्या अर्ध्या मजुरीतून. आणि त्यातली एकही बाई कधी सभेला बसली नव्हती, कारण सभा चालायची तेव्हा भाकऱ्या चालायच्या आणि मतदान व्हायचं तेव्हा वाढणं.

व्हेरोनिकाने सांगितलं ते घरच्या बोलीत सांगितलं. शाळेतली भाषा उंबऱ्याबाहेर राहिली. कुपनाचा फॉर्म म्हणजे काय, सही कशी रद्द होते, आणि दोन वाजता इथे कोण असेल.

"दोन वाजता आम्ही भांड्यांत," सुझान म्हणाली.

"म्हणून आत्ता."

"आणि तुम्हाला काय मिळणार टीचर?"

"मला कदाचित नोटीस मिळेल."

सुझान हसली नाही. तिने कोंबडीच्या पातेल्यात झारा एकदा तळापासून फिरवला, चव बघावी तसं थांबली, आणि झाकण ठेवलं. मग वालावर. मग भातावर.

"आईने या खळ्यात बावीस वर्षं केळी सोलली," ती म्हणाली. "बोटं काळी पडायची. लिंबू चोळून चर्चला जायची. ही अर्धी मजुरी तिची आहे." तिने बर्नर बंद केला. "चला गं. हात पुसू नका, चिठ्ठीला पीठ लागलं तर लागू दे."

घंटेपाशी रांग लागली होती, कुपनं हातात. रांगेला पातेल्यांऐवजी चौदा बायका समोरून येताना दिसल्या.

"जेवण तयार आहे," सुझान म्हणाली. "वाढायला माणूस नाही. आम्ही मत द्यायला चाललोय. मत झालं की वाढू."

"मत तर दोनला आहे," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"मग जेवण सव्वादोनला."

"हा काय प्रकार आहे?" मर्विन पुढे आला. "मी वाढतो. सरका, मी वाढतो."

"वाढ ना," सुझान म्हणाली. "चारशे माणसं आहेत. पातेलं दोघांनी उचलायचं, खाली ओलं आहे, बूट जपून."

रांगेत हसू पसरलं. पण भूक खरी होती, लहान मुलं खरी होती, आणि हळूहळू तोंडं मार्सेलकडे वळली. जयवंत कुलथे खुर्चीवर चढले. तुळिंजच्या या शांत माणसाला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"दहा वर्षं मी ऐकतोय, आधी जेवा मग विचारा," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब, आज उलटं करू. हरकत कोणाची आहे?"

कोणाचीच नव्हती. "घ्या की आत्ताच," एक म्हातारा म्हणाला. "घ्या, घ्या," मागून सुरू झालं, आणि लोक रांग मोडून पुन्हा खुर्च्यांकडे यायला लागले.

मार्सेल व्यासपीठावर एकटा होता. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता, आणि एवढ्या गर्दीत तो घाम कशाचा हे फक्त व्हेरोनिकाला कळलं. खुर्चीवरची पर्स उचलून ती वर गेली.

"साडेबाराची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आणि पोटात काही नाही." तिने शुक्रवारचं पुडकं पर्समधून काढलं, पान सोडलं आणि एक सुकेळं त्याच्या हातावर ठेवलं. "खा. नाहीतर साखर उतरेल."

मार्सेलने ते बघितलं. खळ्यावरचं होतं, या उन्हाळ्याचं, मधासारखं तांबूस. त्याने खाल्लं. सावकाश, सगळं.

"बावाच्या वेळचा गोडवा आहे," तो म्हणाला.

"तेच खळं आहे."

मर्विन खालून खुणा करत होता. मार्सेलने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, मग माइक ओढला.

"मतदान आत्ता होईल."

*

केळ्यांचा रिकामा क्रेट, वर पुठ्ठा, पुठ्ठ्याला फट. चिठ्ठ्या नताशाने आदल्या दिवशी छापून आणल्या होत्या. मोजायला दोघे, एक मार्सेलने नेमलेला कंपनीचा हिशेबनीस, दुसरे जयवंत.

पहिली सुझान. तिच्या चिठ्ठीवर पिठाचं बोट उमटलं, तसंच क्रेटमध्ये गेलं. मागून तेरा जणी. मग फुलवाले, वाडीवाले, एक निवृत्त परिचारिका, दोन भाऊ जे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि आज एकाच पेनाने लिहून गेले. व्हेरोनिका क्रेटच्या बाजूला उभी राहून बघत होती. प्रत्येक चिठ्ठी पडली की मर्विनच्या फाइलमधला एक फॉर्म मरत होता, आणि मर्विनला ते कळत होतं. तो फाइल छातीशी धरून बसला होता.

रांग संपत आली तेव्हा काळूराम पुढे आला आणि थांबला.

"टीचर, माझे दहा शेअर हायत. पन मी पन त्या फॉर्मवर सही केली."

"कोणाच्या नावाने?"

"मर्विनसाहेबांच्या. बाकी सगळ्यांच्या घेतल्या, मग आपली कशी ठेवू."

"तू स्वतः टाकलीस की ती सही गेली."

"गेलीच?"

"गेलीच."

काळूरामने चिठ्ठी घेतली. कुठे लिहायचं ते त्याला कळेना. व्हेरोनिकाचं बोट आपोआप पुढे झालं आणि तिने ते मागे घेतलं. "वाच तू," ती म्हणाली. "वरची ओळ बाजूने, खालची विरोधात. तुला हवी तिथे खूण कर."

त्याने वाचायला वेळ घेतला. मागे कोणी कुरकुर केली नाही.

मोजणी पंचवीस मिनिटं चालली. निकालाचा कागद मार्सेलच्या हातात दिला, कारण निकाल अध्यक्षानेच वाचायचा असतो. त्याने चष्मा लावला.

"मत दिलेली माणसं दोनशे एक्याण्णव." तो थांबला. "ठरावाच्या बाजूने, उरलेले फॉर्म धरून, सहा टक्के. विरोधात चौऱ्याण्णव. ठराव," त्याने कागद खाली ठेवला, "नामंजूर. खळं विकलं जाणार नाही."

अडतीस वर्षांत इथे नामंजूर हा शब्द कोणी ऐकला नव्हता. मग स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी झाकणावर झारा आपटला. दुसरीने परातीवर. मग ताटं, मग खुर्च्यांचे हात, मग पोरांचे पाय, आणि सगळं शेड वाजायला लागलं. जयवंत कुलथे रडत होते आणि ते लपवायला अहवाल वाचत होते. तो उलटा होता. नताशाने आईचा दंड असा धरला होता की नंतर दोन दिवस वळ राहिले.

"दहा टक्केवाल्यांना विशेष सभाही बोलावता येते, मम्मी," ती आईच्या कानात ओरडत होती. "दोन बाहेरचे संचालक. ताळेबंद घरोघरी. फॉर्मशिवाय कुपन."

"एक सभा संपू दे," व्हेरोनिका म्हणाली. "माझा विषय राहिलाय."

*छापील इतिवृत्त, पान ३. विषय क्र. ३: निवृत्त होणाऱ्या संचालक सौ. व्हेरोनिका लोपीस यांची एकमताने फेरनेमणूक.*

ती समोर उभी राहिली, फळ्यापाशी उभं राहावं तशी. शेडचा गलका हळूहळू खाली आला.

"मी सांगायचं ते सांगितलंय," ती म्हणाली. "आता तुम्ही."

सगळ्यांनी सुझानकडे बघितलं. हा मान तिला कोणी दिला, केव्हा दिला, सांगता येणार नाही. झाकणं ठेवली तेव्हाच बहुतेक.

"आठ दिवस बाहेर उभं करण्यात काय अर्थ आहे," सुझान म्हणाली. "त्यापेक्षा आत बसवा. दर सभेला. आम्ही हजेरी घेणार टीचर, आणि एक जरी चुकली तरी तुमच्या पप्पांची सही चालणार नाही."

पापडीच्या शेडमध्ये असं हसू फार वर्षांत झालं नव्हतं. हात वर गेले. पिठाचे, मातीचे, बांगड्यांचे. व्हेरोनिका ते मोजत नव्हती. ती व्यासपीठाकडे बघत होती. या विषयावर मार्सेलला मत होतं, आणि त्याचा हात खाली होता. मग तो वर आला, चौऱ्याहत्तर वर्षांच्या खांद्याला जमेल तितका. त्याच्या शेजारी मर्विनने दोन्ही हातांनी फाइल धरली होती.

*

लोक जेवत होते. एका बाजूला नताशा आणि जयवंत ताट हातात घेऊन विशेष सभेची तारीख काढत होते. मर्विन गाडीत जाऊन बसला होता. सुझानने त्याच्यासाठी ताट पाठवलं आणि ते रिकामं परत आलं.

व्हेरोनिका व्यासपीठाच्या कोपऱ्यात टेबल ओढून लिहीत होती. शाळेचं वळणदार अक्षर, फूलस्केप कागद. मार्सेल घंटा वाजण्याची वेळ कशी ठरवायचा तेही लिहिलं, सहीच्या फॉर्मांचंही लिहिलं, स्वतःच्या बावीस वर्षांचं चार ओळींत लिहिलं. खेळीमेळीच्या वातावरणात हे शब्द तिने ठेवले, कारण शेवटी ते खरे ठरले होते. फेरनेमणुकीपाशी एकमताने हा शब्द नकळत लिहिला गेला तो खोडला आणि लिहिलं: एक हात वगळता सर्वांनी.

उपस्थितांच्या यादीत ती अडली.

"सुझान, तुझं पूर्ण नाव सांग. आणि बाकी तेरा जणींची."

"आधी जेवा टीचर, गार होतंय."

"नाव सांग."

चौदा नावं झाली तेव्हा तीन वाजले होते. मार्सेल हात धुऊन, रुमालाला पुसत आला. सभेच्या इतिवृत्तावर सही अध्यक्षाची लागते. त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदांवर वाकला. काळूराम सवयीने पुढे सरकला आणि मधेच थांबला.

"कुठे करू?" मार्सेलने विचारलं.

व्हेरोनिकाने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि खुर्ची ओढून दिली.

"बस दादा. आधी वाच."

मार्सेल बसला. त्याने चष्मा शोधला, लावला, पहिलं पान उजेडाकडे धरलं आणि वाचायला लागला. मोठ्याने, देवळात वाचायचा तसा, आणि जेवणाऱ्यांची बोलणी एकेक करून थांबत गेली.